‘नागपूर’, पण ‘नागपुरात’ का?

सीताबर्डीच्या बाजारातून जाताना दुकानांच्या पाट्या नीट वाचा. एका पाटीवर ‘नागपुरात’ असे लिहिलेले दिसेल, तर दुसरीवर ‘नागपूरात’. शुद्ध कोणते? ‘नागपुरात’. मग ‘नागपूर’ लिहिताना ‘पू’ दीर्घ का? शुद्धलेखनात याच ठिकाणी अनेकांचा गुण जातो आणि ‘मराठीला नियमच नाहीत’ असे आपण म्हणून बसतो. नियम आहे, आणि त्याला कारणही आहे. ते शोधताना आपण थेट स्पेनपर्यंत जाऊन येऊ.

आधी एक प्रयोग करा. ‘नागपूर’ हा शब्द मोठ्याने म्हणा. शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ आपण उच्चारीत नाही; म्हणतो ‘नाग्-पूर्’. म्हणजे कानाला ‘पूर्’ हाच शब्दाचा शेवट वाटतो आणि तेथे आवाज लांबतो. आता ‘नागपुरात’ म्हणा : ‘नाग्-पु-रात्’. शेवटची जागा ‘रात्’ने घेतली. ‘पु’ मध्ये सरकला आणि आखूड झाला. संस्कृतात ‘पुर’ हा शब्द मुळात ह्रस्वच आहे. मराठीने शब्दाच्या शेवटी त्याला लांबवले, आणि प्रत्यय लागताच तो पुन्हा ह्रस्व झाला.

गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, चूल-चुलीत, सून-सुनेला, ही सर्व उदाहरणे याच जातीची. काही शब्दांत तर तो स्वर पार नाहीसा होऊन त्या जागी ‘अ’ येतो : कापूस-कापसाचा, लाकूड-लाकडाचा, माणूस-माणसाला. या शब्दांचे पहिले अक्षर दीर्घ आहे, हे ध्यानात ठेवा. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखनविषयक नियमांत हीच गोष्ट सांगितली आहे. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला दीर्घ स्वर सोडत नाहीत : शरीर-शरीरात, जीव-जीवाला.

आता स्पॅनिश भाषेकडे वळू. तेथे ‘दोर्मिर’ म्हणजे झोपणे. वर्तमानकाळात त्याची रूपे अशी होतात :

मी – दुएर्मो
तू – दुएर्मेस
तो, ती – दुएर्मे
आम्ही – दोर्मिमोस
तुम्ही – दोर्मीस
ते, त्या – दुएर्मेन

(‘दुए’ एका झटक्यात म्हणावे, ‘द्वे’ला जवळचे.) चार रूपांत ‘ओ’चा ‘उए’ झाला, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन रूपांत झाला नाही. का? पुन्हा मोठ्याने म्हणून पाहा. ‘दुएर्मो’मध्ये आवाजाचा जोर धातूवर, म्हणजे ‘दुएर्’वर पडतो. ‘दोर्मिमोस’मध्ये तो पुढे सरकून ‘मि’वर जातो. जोर असतो तेथे स्वर फुटून दोन होतात. जोर निघून गेला की मूळ स्वर कायम राहतो. ‘पेर्देर’ म्हणजे हरवणे. त्यात ‘ए’चा ‘इए’ होतो : मी ‘पिएर्दो’, पण आम्ही ‘पेर्देमोस’.

म्हणजे मराठीत जागा सुटली की स्वर आखडतो आणि स्पॅनिशमध्ये जोर आला की स्वर फुटतो. रीत वेगळी, पण तत्त्व एकच : शब्दात स्वराची जागा बदलली की त्याचे रूप बदलते.

तुम्ही विचाराल, ‘मग प्रत्येक ‘ओ’ का फुटत नाही?’ प्रश्न योग्य आहे. ‘कोर्रेर’ म्हणजे धावणे. त्याचे ‘मी’चे रूप ‘कोर्रो’, ‘कुएर्रो’ नव्हे. याचे उत्तर स्पॅनिशची जननी जी लॅटिन, तिच्यात आहे. ‘दोर्मिर’मधला ‘ओ’ लॅटिनमध्येही ‘ओ’च होता, आणि तोही ह्रस्व. ‘कोर्रेर’मधला मात्र तेथे ‘उ’ होता. तो पुढे ‘ओ’सारखा झाला, पण फुटला नाही. तसेच ‘पेर्देर’मध्ये लॅटिनचा ह्रस्व ‘ए’ होता, म्हणून तो फुटला. ‘देबेर’ (देणे लागणे) मध्ये दीर्घ ‘ए’ होता, म्हणून रूप ‘देबो’ असेच राहिले. आज सारखे दिसणारे स्वर आपले जुने कूळ विसरलेले नाहीत! आपल्या ‘शरीर’ शब्दाचेही तसेच नाही का?

आता एक गंमत. स्पॅनिश ‘मोरिर’ आणि आपले ‘मरणे’ हे एकाच प्राचीन मुळापासून निघाले. स्पॅनिशमध्ये ‘मी मरतो’ म्हणजे ‘मुएरो’, आणि ‘आम्ही मरतो’ म्हणजे ‘मोरिमोस’. मराठीतही हा धातू सरळ चालत नाही : ‘मरतो’, पण भूतकाळी ‘मेला’. येथे मात्र कारण वेगळे आहे. ‘मेला’ हे रूप ‘मर’पासून नव्हे, तर संस्कृत ‘मृत’पासून आले. ‘मृत’चे प्राकृतात ‘मय’ झाले आणि पुढे ‘ल’ प्रत्यय लागून ‘मेला’. याच वाटेने ‘गत’पासून ‘गेला’ आणि ‘कृत’पासून ‘केला’.

तेव्हा ‘अनियमित’ हा शब्द पुस्तकात दिसला की लगेच घोकंपट्टीला बसू नका. आधी रूप मोठ्याने म्हणा, जोर कोठे पडतो ते ऐका आणि शब्दाचे मूळ शोधा. पुष्कळदा तो अपवाद नसून आपल्याला न दिसलेला नियम असतो.

करून पाहा : (1) ‘चा’ किंवा ‘ची’ प्रत्यय लावा : पाटील, फूल, तांदूळ, विहीर, कोल्हापूर. (2) ‘पोदेर’ (शकणे) हे क्रियापद ‘दोर्मिर’प्रमाणे ‘ओ’ फोडते. त्याचे ‘मी’चे आणि ‘आम्ही’चे रूप सांगा. शेवटी अनुक्रमे ‘ओ’ आणि ‘एमोस’ लावा.

उत्तरे : (1) पाटलाचा, फुलाचा, तांदळाचा, विहिरीची, कोल्हापुरचा नव्हे तर कोल्हापूरचा! येथे ‘चा’ थेट नावाला लागला, मध्ये ‘आ’ आला नाही, म्हणून ‘पूर्’ची जागा सुटली नाही आणि ‘पू’ दीर्घच राहिला. ‘कोल्हापुरात’ मात्र ह्रस्व. (2) पुएदो, पोदेमोस.