अडचणीच्या वेळी चार शब्द : यात्रेकरूंसाठी इटालियन भाषेचा छोटा पाठ



आपल्या वसई परिसरातून अनेक भाविक रोम, असिसी, पादुआ या पवित्र स्थळांच्या यात्रेला जातात. 2025 हे ज्युबिली वर्ष होते आणि 2026 मध्ये संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या देहावसानाला 800 वर्षे होत असल्याने ही ओढ आणखी वाढली आहे. यात्रेला निघताना आपण स्वेटर घेतो, लोणच्याची बाटली घेतो, आशीर्वादित करून आणायच्या जपमाळांची यादी करतो. पण संकट आले तर तोंडातून कोणता शब्द काढायचा, याची तयारी मात्र करत नाही.

काही वर्षांपूर्वी असिसीचा चढ चढताना आमच्या गटातील एका वयस्क मावशींच्या छातीत दुखू लागले. मार्गदर्शक झेंडा घेऊन बराच पुढे गेला होता. आम्ही जवळच्या दुकानदाराला इंग्रजीत सगळी हकीकत सांगू लागलो आणि तो आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याच्या मनात दया नव्हती असे नाही, त्याला काही कळतच नव्हते. मावशींनी स्वतः छातीवर हात ठेवून डोळे मिटले, तेव्हा कुठे तो दूरध्वनीकडे धावला. मावशी बऱ्या होऊन घरी आल्या, ही प्रभूची कृपा. पण वाया गेलेली ती काही मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. त्यातूनच हा पाठ तयार झाला आहे.

1. आधी उच्चार

इटालियन भाषा आपल्याला वाटते तेवढी अवघड नाही. तिच्यातील त आणि द हे आपल्या ‘ताट’ आणि ‘दार’मधल्यासारखेच आहेत. जोडाक्षरे आपण मराठीत म्हणतो तशीच ठासून म्हणायची. खाली झ आला की तो ‘झाड’मधल्यासारखा म्हणावा. रोमन अक्षरे पाहून इंग्रजीसारखे वाचायला गेलो तर चुकतो. देवनागरीत लिहून घेतले तर बहुतेक वेळा बरोबर म्हणतो. म्हणून वहीत मराठीतच लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण जसे ‘मी पडलो’ किंवा ‘मी पडले’ म्हणतो, तसा तेथेही काही शब्दांत फरक होतो. पुरुषाने शेवटी ओ लावावा, स्त्रीने आ.

2. पहिली हाक

आयूतो! – वाचवा! मदत करा!
स्कूझी, सिन्योरा / सिन्योरे – माफ करा बाई / माफ करा महाशय
क्यामाते उन आंबुलान्त्सा! – रुग्णवाहिका बोलवा!
नोन पार्लो इतालियानो – मला इटालियन येत नाही
पार्ला इंग्लेझे? – आपल्याला इंग्रजी येते का?
प्यू पियानो, पेर फावोरे – कृपया जरा सावकाश बोला

यातील ‘आयूतो’ हा शब्द मोठ्याने ओरडायचा आहे. आपल्या माणसांना परक्या ठिकाणी आवाज चढवायला संकोच वाटतो. असा संकोच जिवावर बेतू शकतो.

3. दूरध्वनी कोठे करावा?

इटलीत कोणत्याही संकटात 112 हा क्रमांक फिरवावा. भारतातही आता हाच क्रमांक चालतो, म्हणून तो वेगळा पाठ करावा लागत नाही. रुग्णवाहिकेसाठी 118 आणि अग्निशमन दलासाठी 115 हे क्रमांकही आहेत. 112 ला पैसे लागत नाहीत. समोरून आवाज आला की घाबरून हकीकत सांगत बसू नये. आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते.

सोनो इन प्यात्सा सान पियेत्रो – मी संत पेत्र चौकात आहे
चे उन उओमो आ तेर्रा – एक पुरुष खाली पडला आहे
चे उना दोन्ना आ तेर्रा – एक बाई खाली पडली आहे
ए झ्वेनूतो / ए झ्वेनूता – तो / ती बेशुद्ध झाली आहे
नोन रेस्पिरा – श्वास चालत नाही

ठिकाणाचे नाव माहीत नसेल तर समोरच्या चर्चचे किंवा दुकानाचे नाव वाचून दाखवावे. तेही जमत नसेल तर फोन जवळच्या माणसाच्या हातात द्यावा आणि ‘आयूतो’ म्हणावे.

4. दवाखान्यात

रुग्णालयातील तातडीच्या विभागाला ‘प्रोन्तो सोक्कोर्सो’ म्हणतात. ही पाटी ओळखता आलीच पाहिजे. तेथे जो आधी आला त्याला आधी तपासत नाहीत. आजार किती गंभीर आहे ते पाहून प्रत्येकाला एक रंग देतात. लाल सर्वांत तातडीचा, त्यानंतर नारिंगी, आकाशी, हिरवा आणि पांढरा. आपल्या मागून आलेला माणूस आधी आत गेला म्हणजे आपल्यावर अन्याय झाला, असे समजू नये. मात्र बसल्या जागी त्रास वाढला तर परिचारिकेला लगेच सांगावे.

मी फा माले क्वी – मला येथे दुखते (बोटाने जागा दाखवावी)
इल पेत्तो – छाती. ला तेस्ता – डोके. ला पान्चा – पोट
नोन रियेस्को आ रेस्पिरारे – मला श्वास घेता येत नाही
सोनो दियाबेतिको / दियाबेतिका – मला मधुमेह आहे
ओ ला प्रेस्स्योने आल्ता – मला उच्च रक्तदाब आहे
सोनो आल्लेर्जिको / आल्लेर्जिका – मला ॲलर्जी आहे (पुढे औषधाचे नाव सांगावे)
प्रेन्दो क्वेस्ते मेदिचीने – मी ही औषधे घेतो / घेते

मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली तर ‘त्सुक्केरो’ म्हणजे साखर मागावी. कोणताही कॉफीवाला लगेच देईल.

असिसीच्या प्रसंगात डॉक्टरांनी पहिला प्रश्न औषधांबद्दलच विचारला होता आणि मावशींच्या गोळ्या बसमधल्या मोठ्या बॅगेत राहिल्या होत्या. म्हणून गोळ्या नेहमी अंगाबरोबरच्या पिशवीत ठेवाव्यात. त्यांची नावे कागदावर लिहून घ्यावीत. आपल्याकडचे कंपनीचे नाव तेथे कोणाला कळत नाही, म्हणून गोळीत कोणते औषध आहे त्याचे नाव लिहावे. पॅरासिटामॉलला तेथे ‘पाराचेतामोलो’ म्हणतात. औषधाचे दुकान हिरव्या क्रूसाच्या दिव्यावरून ओळखता येते. तो हिरवा क्रूस पाहून चर्च समजू नका!

व्हिसासाठी घेतलेला आरोग्य विमा किमान 30,000 युरोचा असावा लागतो. त्याचा कागद व्हिसा मिळाल्यावर घरी कपाटात ठेवू नये. तो लागतो तो तेथेच.

5. चोरी झाली, वाट चुकली

गर्दीच्या बसमध्ये आणि स्थानकांवर खिसेकापू असतात. यात्रेकरूंचे लक्ष घुमटांकडे आणि त्यांचे लक्ष आपल्या पिशवीकडे!

आल लाद्रो! – चोर! चोर!
मी आन्नो रुबातो ला बोर्सा – माझी पिशवी चोरली
ओ पेर्सो इल पास्सापोर्तो – माझा पासपोर्ट हरवला
दोवे ला पोलित्सीया? – पोलीस कोठे आहेत?
ओ पेर्सो इल मीओ ग्रुप्पो – माझ्या गटापासून माझी चुकामूक झाली
मी पोर्ती क्वी – मला येथे पोहोचवा (हॉटेलचे कार्ड दाखवून)

पासपोर्ट गेला तर प्रथम पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. तिला ‘देनून्चा’ म्हणतात. तिची प्रत घेऊन रोममधील भारतीय वकिलातीत किंवा मिलानमधील भारतीय वाणिज्य दूतावासात जावे. पासपोर्टची छायाप्रत पासपोर्टपासून वेगळ्या पिशवीत ठेवली असेल तर काम सोपे होते.

6. या पाट्या ओळखा

पेरीकोलो – धोका
उशीता – बाहेर जाण्याचा मार्ग
व्येतातो – मनाई
शोपेरो – संप (त्या दिवशी रेल्वे, बस बंद असू शकतात)

आणि नळाची एक गंमत, जी अंगाशी येऊ शकते. नळावरचे इंग्रजी सी अक्षर पाहून आपण थंड पाणी समजतो. तेथे ते ‘काल्दो’चे असते आणि काल्दो म्हणजे गरम! थंड म्हणजे ‘फ्रेद्दो’, त्याचे अक्षर एफ.

7. सर्वांत शेवटचे, पण विसरू नये असे

त्या रात्री रुग्णालयात मावशींनी डॉक्टरांकडून काहीच मागितले नाही. त्यांना धर्मगुरू हवे होते. संतांच्या गावात होतो, खिडकीतून घंटांचा आवाज येत होता आणि ‘फादरांना बोलवा’ एवढे सांगायला आमच्याकडे शब्द नव्हता. मावशींनी उशाची जपमाळ उचलली आणि अंगठ्याने स्वतःच्या कपाळावर क्रूस काढून दाखवला. परिचारिका समजली. अर्ध्या तासात रुग्णालयाचे धर्मगुरू आले. त्यांची प्रार्थना इटालियन भाषेत होती, मावशींचा ‘आमेन’ मात्र दोघांचा एकच होता.

वोर्रेई उन साचेर्दोते, पेर फावोरे – कृपया मला धर्मगुरू हवे आहेत
सोनो कात्तोलिको / कात्तोलिका – मी कॅथलिक आहे
लुन्त्स्योने देल्यी इन्फेर्मी – रुग्णाभ्यंग संस्कार

रोममध्येच संत कमिलस यांनी सान्तो स्पिरितो रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा केली आणि मरणासन्न माणूस एकटा राहू नये म्हणून रात्री जागवल्या. 1614 मध्ये रोममध्येच त्यांचे निधन झाले. आजाऱ्यांच्या उशाशी धर्मगुरूंनी यावे ही त्या भूमीची जुनी रीत आहे. मागायला लाजू नये.

या आठवड्याचा अभ्यास

यात्रेला जाणाऱ्यांनी एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर आपले नाव, रक्तगट, आजार, औषधे, ॲलर्जी, हॉटेलचे नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. मागच्या बाजूला ‘आयूतो’, ‘मी फा माले क्वी’ आणि ‘वोर्रेई उन साचेर्दोते’ ही तीन वाक्ये लिहावीत. कार्ड गळ्यातल्या पाकिटात ठेवावे. घरातील मुलांनी आजी-आजोबांकडून ही वाक्ये रोज संध्याकाळी जपमाळेनंतर एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावीत. मुले हसतील, हसू द्यावे. हसत शिकलेले घाबरल्यावरही आठवते.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण नेहमी मदत करणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. पण यात्रेत कधीतरी वाटेवर पडलेला माणूस आपणच असतो. तेव्हा कोणी परका आपल्यापाशी थांबला, तर त्याला एवढे सांगता यावे की आपल्याला कोठे दुखते.

आपली यात्रा सुखरूप होवो.