तांबोशीचे जपानी भाऊबंद

छावणीतला गुरुवारचा बाजार आटोपून आलेला भाचा मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त झालेल्या मामांच्या ओसरीवर टेकला, आणि टेकताच त्याने प्रश्न काढला.

भाचा: मामा, जपानी लोक सुशीत घालतात तो ‘ताई’ म्हणजे आपली तांबोशीच ना?

मामा: नव्हे. मंगलप्रसंगी अखंड भाजून पानात मांडला जाणारा तो मादाई निराळ्या कुळातला. तांबोशीचे खरे भाऊबंद तिकडे ‘फुएदाई’ म्हणून ओळखले जातात, आणि त्यांतला अव्वल दर्जाचा, पण ओकिनावाबाहेर फारसा न गाजलेला मासा म्हणजे हमादाई, ज्याला तेथील लोक ‘अकामाची’ म्हणतात. सुमारे दोनशे मीटरांहून खोल पाण्यात राहणारा, लालभडक अंगाचा नि लांबलचक शेपटीचा.

भाचा: अंग लाल, मग मांस पांढरे कसे?

मामा: रंग कातडीचा. ट्यूना जन्मभर अविश्रांत पोहतो, म्हणून त्याच्या स्नायूंत प्राणवायू साठवणारे तांबडे द्रव्य भरपूर असते. हा तळाजवळ राहून भक्ष्यापुरती झेप घेणारा, सबब त्याला त्याची गरज थोडी.

भाचा: आणि कच्चा खाताना वशाट लागत नाही?

मामा: सारी करामत मासा पाण्याबाहेर आल्यानंतरच्या बरदास्तीत आहे. चांगला कोळी त्याच्या मेंदूत सळई घालून त्याला तत्क्षणी मारतो, रक्त काढून टाकतो आणि बर्फात ठेवतो. पुढे स्नायूंतील ऊर्जाद्रव्याचे विघटन होऊन इनोसिनिक आम्ल तयार होते. त्याचीच ती चव, म्हणून असा मासा दिवसभर गारव्यात मुरवण्याचा शिरस्ता आहे. कातडी रुचकर पण चिवट, तेव्हा तुकड्यावर कापड पसरून कातडीच्या बाजूने उकळते पाणी ओततात नि लागलीच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. कातडी मऊ होते, आतले मांस कच्चेच राहते. कधी काप कोंबू नावाच्या समुद्रशैवालात दडपून ठेवतात. त्या शैवालातील ग्लुटामिक आम्ल हेच त्याच्या चवीचे मूळ, हे इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली दाखवून दिले. माशातले आम्ल त्याला मिळाले की दोहोंची चव कितीतरी वाढते.

भाचा: मग आपल्या तांबोशीला तिकडे किंमत आहे की नाही?

मामा: ती तिकडेही सापडते, ‘गोमाफुएदाई’ या नावाने. लहानपणी खाडीतल्या कांदळवनात, मोठेपणी खडकाळ समुद्रात. कोकणात तिला खाडीचा मासा म्हणून पापलेटाच्या खालचा हुद्दा देतात, ते मला कधीच पटले नाही.

भाचा: मग एखादी आणून कापायची का कच्ची?

मामा: मुळीच नाही! मुंबईहून तीनशेहून अधिक किलोमीटर बर्फात येणाऱ्या त्या माशाचा पकडल्याच्या दिवसाचा दाखला कोण देणार? शिवाय माशाच्या पोटातल्या कृमींसाठी जपानातही उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवण्याचा सल्ला दिला जातो; घरच्या शीतपेटीचा तेवढा भरवसा नाही. कल्ले लाल, डोळे फुगीर दिसले तर घे. डोक्याचे कोकम घालून कालवण कर, नि मधले तुकडे तळ. छावणीत तांबोशी खायची ती शिजवूनच.