पेवातील दाण्याचा श्वास

ज्वारीचे पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला मनुष्य क्षणात कोसळतो, त्यास काढावयास उतरलेला भाऊ त्याच्या अंगावर पडतो, आणि कधीकधी तिसराही त्यांच्यामागे जातो, असे प्रसंग आपल्या देशावरील खेड्यांत घडत आले आहेत. कोणी ह्यास भुताचा प्रकोप म्हणतात. आमच्या मते ह्याचे कारण दाण्यातच शोधले पाहिजे. कारण पेवातील दाणा निर्जीव नसतो.

वनस्पती काय आणि प्राणी काय, सर्वांची शरीरे पेशींची बनलेली आहेत, आणि प्रत्येक पेशीस जगण्यासाठी शक्ती लागते. ज्वारीचे हिरवे पान ती सूर्यापासून घेते. मुळांनी आणलेले पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू ह्यांपासून ते उन्हाच्या बळावर साखर तयार करते व प्राणवायू बाहेर टाकते. हीच साखर पुढे कणसात पिठाच्या रूपाने साठते. साठलेली शक्ती सोडवून घेण्याचे काम मात्र प्राण्यांच्या व वनस्पतींच्या पेशींत रात्रंदिवस चालते. साखरेचा प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी उत्पन्न होते. सुटलेल्या शक्तीचा काही भाग एटीपी नावाच्या द्रव्यात साठवला जातो व पेशीची कामे त्यावर चालतात. बाकीची शक्ती उष्णता होऊन जाते. पाने उन्हात हवा शुद्ध करतात, परंतु अंधारात आपणांप्रमाणेच ती दूषित करतात, हे यान इंगेनहाउस नामक डच वैद्याने १७७९ साली दाखविले. (म्हणून रात्री झाडाखाली निजू नये असे म्हणतात; पण मोकळ्या हवेत हा दोष इतका अल्प असतो की त्याची भीती नको.)

चांगला वाळलेला दाणा अगदी मंद श्वास घेतो. दाणा ओलसर भरला किंवा पेवात पाणी झिरपले, म्हणजे तो श्वास वाढतो. बुरशी व किडे ह्यांचाही त्यात भर पडतो. धान्य कढत लागते ते ह्यामुळेच; ती ऊब म्हणजे शाळूच्या पिकावर पडलेले ऊनच होय. कोंडलेला प्राणवायू संपत जातो. मग त्याच्यावाचून जगणारे सूक्ष्म जीव साखर आंबवू लागतात. त्यांस साखरेच्या एका रेणूमागे एटीपीचे दोनच रेणू मिळतात, प्राणवायू असता सुमारे तीस मिळाले असते. परंतु कार्बन डायऑक्साइड वाढतच राहतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी बसतो, आणि दाट असला म्हणजे स्वतःही घातक असतो.

मनुष्याचा मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण विसाव्याच्या वेळीही शरीरास लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो, आणि त्याजवळ साठा जवळजवळ नसतो. म्हणून अशा हवेचे थोडेच श्वास शुद्ध हरपण्यास पुरतात. अंगातील बळ तेथे कामाचे नाही.

यास्तव तोंड उघडून ठेवले एवढ्याने भागत नाही. पंख्याने तळापर्यंत हवा पोहोचविली पाहिजे. दोरीने सोडलेला कंदील विझला तर मुळीच उतरू नये. न विझला तरी तेवढ्यावर विसंबू नये. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून वर दोन माणसे ठेवावीत, व तो पडल्यास वरूनच ओढावे, मागोमाग कोणी उतरू नये. पेवे आता थोडी राहिली आहेत, पण जुन्या विहिरींसही हेच लागू आहे. गोबरगॅसच्या खड्ड्याजवळ मात्र कंदील कधीही नेऊ नये. तेथील वायू पेट घेतो.