हरणांसाठी कोणती काडतुसे?

प्रश्न : सोयाबीन उगवताच हरणांचा कळप कोंब खुडतो. परवान्याची रायफल आहे. कोणती काडतुसे घ्यावीत? (एक शेतकरी, अहमदपूर, जि. लातूर)

उत्तर : कोणतीच नकोत.

लातूर-नांदेडच्या माळावर ज्यांना हरणं म्हणतात, ती बहुतेक काळविटं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्यांचं नाव आहे; शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद होते. शस्त्राच्या परवान्याने शिकारीची मुभा मिळत नाही.

दुपानी रोपांचे नुसते शेंडे उडालेले पाहून कास्तकाराचा जीव तुटतो, हे खरंच. म्हणून नुकसान दिसताच ३ दिवसांच्या आत वन विभागाकडे भरपाईचा अर्ज द्यावा. खुरांचे ठसे, खाल्लेल्या ओळी यांचे फोटो काढावेत. पंचनाम्याआधी रान मोडून दुबार पेरणी केली, तर पुरावाच जातो.