शब्दबोध : "खवीस" म्हणजे काय?



तिन्हीसांजेस चिंचेखालून जातांना पोर दचकलें व रात्रीं त्यास ताप भरला, कीं घरांतील वडील माणसें म्हणतात, "खवीस लागला." ज्या नांवाची एवढी भीति, त्याचा अर्थ आज पाहूं.

हा शब्द मूळचा अरबी आहे. त्याचा अर्थ घाणेरडा, नीच, दुष्ट. त्यांतील शेवटचा वर्ण फारसी लोक "स" असा उच्चारतात, म्हणून तो "खबीस" झाला. १३४७ सालीं बहामनी राज्य स्थापन झालें. त्यानंतर कित्येक शतकें दख्खनच्या दरबारांत फारसीचा अंमल होता. कागद, जमीन, वकील हे शब्द जसे आले तसाच हाही आला, आणि आपल्या तोंडीं "ब"चा "व" झाला. अशी अदलाबदल मराठींत नवी नव्हे. अरबी "जवाब" यास आपण "जबाब" म्हणतोंच.

आतां नीट लक्ष द्यावें. अरबींत हा शब्द मुख्यतः विशेषण आहे. वाईट अन्न, वाईट मनुष्य, वाईट आत्मा, सर्वांस तो लागतो. आपल्याकडे मात्र तें एका भुताचें नांव झालें. ब्राह्मणाचा मुंज झालेला अविवाहित मुलगा मेला तर मुंजा, बाळंतीण मेली तर हडळ, तसा मुसलमान मेला तर खवीस, असें पुष्कळ गांवीं मानितात. म्हणजे ज्या शब्दानें आपला मुसलमान शेजारी दुष्टपणाचा धिक्कार करितो, तोच आपण त्याच्या मृतांवर घातला! ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष नव्हे काय? मनुष्यास विटाळविणारें तें त्याच्या अंतःकरणांतून निघतें, हें प्रभूनें मार्काच्या ७ व्या अध्यायांत शिकविलें आहे.

आणि त्या पोराचें काय? ताप हा ताप आहे. हिंवताप डासांपासून होतो व औषधानें बरा होतो. देवऋषाच्या अंगाऱ्याची वाट पाहत रात्र घालवूं नये, दवाखाना गांठावा. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं कोणास बांधून मारणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यान्वयें गुन्हाही आहे. तथापि भ्यालेल्या आजीस हंसूं नये. तिच्याजवळ बसावें, शब्दाचा अर्थ सांगावा, आणि पोरास उचलून तिच्यासह निघावें.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न : (१) "खवीस" या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? (२) आपल्या गांवीं तो कोणाविषयीं वापरितात? (३) पुढच्या वेळीं पोरास ताप आला तर आपण प्रथम कोठें जाऊं?