यूपीआयच्या जमेवरून जीएसटीची नोटीस आली, तर

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले यांना कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा आल्या. आधार होता यूपीआयवर जमा झालेल्या रकमांचा. लगेच कित्येक दुकानांतले क्यूआर कोड उतरले आणि ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. पण स्कॅनर काढला म्हणून मागच्या वर्षांच्या नोंदी बँकेतून जात नाहीत. आपल्याकडे अशी नोटीस आली, तर करायचं ते असं.

आधी ती खरी आहे का ते बघा. नोटिशीवरचा संदर्भ क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता तपासता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका. उत्तराची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून टाका.

मग आपली मर्यादा कोणती ते ठरवा. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला आर्थिक वर्षात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत. वडापावची गाडी, चहाची टपरी कायद्याच्या लेखी सेवेत मोडते, हे बहुतेकांना नोटीस आल्यावरच कळतं. आणि उलाढाल म्हणजे गल्ल्यात आलेली रक्कम, खर्च वजा जाता उरलेली नव्हे.

खरं काम यापुढचं. सल्लागाराकडे जाण्याआधी ते घरीच करा, निम्मी फी वाचेल. बँकेतून प्रत्येक वर्षाचं, १ एप्रिल ते ३१ मार्चचं, स्टेटमेंट काढा. प्रत्येक जमेपुढे खूण करा: करपात्र विक्री, करमुक्त विक्री (साधं दूध, ताजी भाजी, पाव), की धंद्याबाहेरची रक्कम. भिशी लागली, मेव्हण्याने उसने परत केले, गावाहून दवाखान्यासाठी पैसे आले, हे सगळं तिसऱ्या रकान्यात. पण प्रत्येक मोठ्या रकमेला पुरावा जोडा. दिवसाला वीस-वीस रुपयांच्या सत्तर नोंदी असतील आणि पुढे ‘घरगुती’ लिहिलं असेल, तर अधिकारी उरलेल्या खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवणार नाही. रोखीची विक्रीही मिळवा.

इथे एक खोच आहे. फक्त करमुक्त मालच विकत असाल, तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागत नाही. पण ३० लाखांचं दूध आणि १२ लाखांची बिस्किटं-साबण विकलेत, तर मर्यादेसाठी बेरीज ४२ लाखच धरतात. नोंदणी लागते, कर मात्र १२ लाखांवरच.

उत्तर लेखी द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. वेळ हवा असेल तर कारण देऊन तोही लेखी मागा, आणि प्रत्यक्ष सुनावणीची मागणी त्याच कागदात करा. ‘साहेबांना भेटून सांगितलंय’ याची फायलीत कुठेच नोंद नसते.

मर्यादा ओलांडली असेल, तर नोंदणी टाळू नका. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे: व्यापाऱ्याला १ टक्का, खाणावळीला ५ टक्के. तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. शिवाय ही सवलत पुढच्या काळासाठी असते. मागच्या वर्षांचा कर नेहमीच्या दराने मागितला जाऊ शकतो.

आदेश विरोधात गेलाच, तर तो हाती पडल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येतं. त्यासाठी वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात, म्हणून तेवढी तजवीज उत्तर देतानाच करून ठेवा.