वाढत्या अंगाचा लॅपटॉप

जून उजाडला की मुंबईत हिंदमाताला गणवेशाचं कापड घ्यायला येणाऱ्या आया मी लहानपणापासून बघतेय. (हो, पावसात पाणी भरतं तेच हिंदमाता.) आमची खोली कापडाच्या दुकानांच्या डोक्यावरच आहे. प्रत्येकीचं शिंप्याला सांगणं एकच, "वाढत्या अंगाचा शिवा हो." आत चार बोटं दुमड ठेवायची आणि पोर वाढेल तशी उसवत जायची. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मग लॅपटॉप म्हटला की आपण थेट हप्त्यांचा हिशोब का मांडतो?

आमच्याकडेही मांडून झाला होता. यांनी 2015मध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर लॉकडाऊनमध्ये थोरल्याची शाळा झाली. तो डिप्लोमाला गेला, त्याला नवा आला आणि जुना माळ्यावर गेला. 2025च्या दिवाळीत साफसफाई करताना तो खाली काढला आणि आठवीतल्या धाकटीला म्हटलं, "हा तुला घे."

"दादाचं उरलेलंच ना?" ती म्हणाली.

घरात दोन मुलं असतील तर हे वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल. आणि उरलेलं मुलीच्याच वाट्याला किती वेळा येतं, तेही जरा आठवून बघा. बरं, पोरीचं चुकत तरी काय होतं? लॅपटॉप चालू केला की कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या, तरी पडद्यावरचं चक्र गरगरतच असायचं.

माझा भाचा दुरुस्तीचीच कामं करतो. फोनवर म्हणाला, "मावशी, विकत काही घेऊ नकोस. आधी उघडून बघ. आणि तू नको, तिला उघडू दे."

आधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घेतले. मग लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, पाठीची बॅटरी सरकवून बाजूला ठेवली आणि उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. स्क्रू अकरा निघाले. ते हरवू नयेत म्हणून धाकटीने इडलीपात्र आणलं आणि ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्या कोपऱ्यातल्या खळग्यात टाकला. झाकण निघालं तर पंख्यावर तुसाची जाड राखाडी गादी, मधूनच एखादा गुलाबी धागा. "आई, हे तर खालच्या दुकानातलं ओढणीचं कापड!" दहा वर्षं तो पंखा कापडबाजाराची हवा ओढत होता; तापणार नाही तर काय. पंखा बोटाने धरून रंगाच्या कोरड्या ब्रशने तिने तो साफ केला.

शेजारी रॅमच्या दोन खाचा होत्या. एकीत 4 जीबीची पट्टी, दुसरी रिकामी. म्हणजे यालाही दुमड होतीच की, आम्ही ती दहा वर्षं उसवलीच नव्हती! पण खरी मेख हार्ड डिस्कमध्ये होती. तिच्यात मिनिटाला 5400 वेळा फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर पुढेमागे धावून माहिती शोधणारं एक डोकं. एसएसडीत हलणारं काहीच नसतं. अडीच इंची एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते आणि लॅपटॉपला पाय फुटतात.

एसएसडी आणि रॅम आणायला लॅमिंग्टन रोडला मी एकटीच गेले आणि नुसतं "लॅपटॉपची रॅम द्या" म्हटलं. घरी येऊन लावायला घेतली तर खाच जुळेना. डीडीआर 4 आणली होती, आमच्याला लागते डीडीआर 3 एल. साडी घरी ठेवून मॅचिंग ब्लाउजपीस आणायला मी जन्मात गेले नाही, आणि इथे नेमकं तेच केलं. दुसऱ्या खेपेला धाकटी जुनी पट्टी पाकिटात घालून सोबत आली आणि दुकानदाराशी तीच बोलली. मी पिशवी धरून उभी होते. तुम्हीही असंच उभं राहा, फार बरं वाटतं.

विंडोज 10ची नियमित सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025ला थांबवली, आणि एवढा जुना प्रोसेसर विंडोज 11च्या यादीत नाही. तेवढ्यासाठी चालतं यंत्र भंगारात काढायचं? भाच्याच्या मदतीने तिने नव्या एसएसडीवर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे. ब्राउझर, निबंध टाइप करायला लिबर ऑफिस, गणितासाठी जिओजेब्रा, सगळं चालतं. आता पहिल्या शिट्टीच्या आत पडदा हजर असतो. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून फोटो ठेवायला वापरतो.

पण हट्टाला पेटू नका. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल किंवा बूड फुगलं असेल, तर चार्जिंग बंद. टोचायचं नाही, दाबायचं नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचं नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचं. मदरबोर्ड गेला असेल तर जुन्यावर पैसे ओतू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, तिथे दुमडच नाही. आणि कॉलेजला जाणाऱ्याला अवजड ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर त्याला नवाच लागेल. आमच्या थोरल्याला लागला. आधी मुलाला विचारा, तुला यावर करायचंय काय?

धाकटीने अजून लॅपटॉपला "माझा" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मात्र परवा दादाने तो मागितला, तेव्हा "विचारून घेत जा" म्हणाली.

रविवारी इडल्या करायला पात्र काढलं तर कोपऱ्यातल्या खळग्यात एक स्क्रू. मी हाक मारली, "अगं, हा कुठला राहिला?" आतून उत्तर आलं, "माहितीये. तिथला आटा गेलाय. टाकू नकोस, नीट ठेव."